तोंडातल्या टाचण्या

पौषातली थंडी अशी होती की सकाळी शिलाई मशीनच्या लोखंडी चाकाला हात लावावा तर बोटे आखडून जात. हिंमतराव आधी दोन्ही तळहात चहाच्या पेल्यावर शेकून घेत आणि मगच चाकाला हात घालीत. येरवड्यातील त्या अरुंद गल्लीत ऊन उशिरा उतरे आणि लवकर निघून जाई. तेवढ्या उजेडात सुईत दोरा ओवणे, खडूच्या खुणा करणे, बारीक नजरेची सगळी कामे उरकून घ्यावी लागत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. पडद्याच्या अलीकडे मशीन, कापणीचे टेबल आणि खुंट्यांवर टांगलेले कपडे. पडद्याच्या पलीकडे संसार.

वाशीमकडचे हे कुटुंब पुण्यात स्थिरावून बराच काळ लोटला होता. हिंमतराव शिवीत, त्यांच्या पत्नी वेणूबाई काज-बटण आणि हातशिलाई करीत. त्यांची एकुलती एक कन्या अपेक्षा जवळच्या मराठी शाळेत पाचवीत शिकत होती.

त्या हंगामात घरात जिकडे तिकडे हिरवा रंग पसरला होता. अपेक्षाच्या शाळेचे स्नेहसंमेलन तोंडावर आले होते. लहान मुलांचे पोपटांचे नृत्य बसवले होते आणि त्या सर्व पोपटांचे झगे शिवण्याचे काम हिंमतरावांकडे आले होते. कापड होते सॅटिनचे, आणि सॅटिनसारखे लबाड कापड दुसरे नाही. टेबलावर पसरावे तर ते सरकत खाली जाते, कातरीपुढून निसटते आणि मशीनच्या दातांखाली गेले की सुरकुतते. त्यामुळे जागोजाग टाचण्या लावाव्या लागत. हिंमतराव त्या टाचण्या ओठांत धरीत आणि एकेक काढून कापडाला टोचीत. सकाळपासून मान खाली घालून बसलेल्या माणसाचे खांदे दुपारपर्यंत दगडासारखे होत. मग वेणूबाई येता जाता मानेवर अंगठा दाबून जात आणि काम पुढे सरके.

हिंमतरावांच्या हाताला एक सवय जडलेली होती. शिवणीच्या आत जादा कापड ठेवायचे, म्हणजे पुढे कपडा उसवून वाढवता येतो. या जादा कापडाला शिंपीकामात माया म्हणतात. इतर शिंपी बोटभर माया ठेवीत, हिंमतराव दोन बोटे ठेवीत. त्यांच्या वडिलांनी गावाकडे हेच केले होते आणि तिथे एकेक अंगरखा थोरल्याकडून धाकट्याकडे वर्षानुवर्षे चालत असे.

एकदा यज्ञेश्वर नावाचे गृहस्थ हिंमतरावांनीच शिवलेली आपली पँट घेऊन आले. हे जन्मभर शनिवार पेठेत राहिलेले आणि उतारवयात जवळच्या सोसायटीत मुलाकडे राहायला आलेले. त्यांनी पँट उलटी करून टेबलावर ठेवली आणि आतली दुमड बोटाने दाखवली.

"हिंमतराव, मी एक्काहत्तर वर्षांचा आहे. ही आतली दोन बोटं मी कोणत्या साली वाढायचं आहे?"

हिंमतरावांनी प्रश्नाचा पूर्ण गांभीर्याने विचार केला.

"माणसाचं काय सांगता येते काका," ते म्हणाले.

यज्ञेश्वरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले आणि पँट घडी करून काखोटीला मारली. जाताना ते म्हणाले की, उंची वाढली तर कळवीन.

वेणूबाईंचा स्वभावही याच वळणाचा होता. भाताला तांदूळ मोजून घेतले की वर एक मूठ पडायचीच. कोण येणार आहे हे माहीत नसे, पण कोणी तरी येईलच असे गृहीत धरून त्या घरात स्वयंपाक होई. पुण्यात आगंतुक पाहुणा क्वचितच येतो, त्यामुळे ती मूठ बहुधा सकाळी फोडणीच्या भाताच्या रूपाने तिघांच्याच ताटात परतत असे.

अशा या घरात अपेक्षा गणिताचा गृहपाठ करीत असे.

शाळेत शिष्यवृत्ती परीक्षेसाठी निवडक मुलांचा जादा वर्ग भरे, आणि अपेक्षाची त्यात निवड झाली होती. हिंमतरावांना ही गोष्ट इतकी मोठी वाटली होती की त्यांनी मशीनशेजारी तिच्यासाठी एक पाट मांडला, वर वेगळा दिवा लावला आणि रोज संध्याकाळी जातीने अभ्यास घ्यायला सुरुवात केली. आपले शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा जेवढे आपल्याला येते तेवढे तरी लेकीला द्यावे, असा त्यांचा निर्मळ हेतू होता.

एके दिवशी गणित आले. एका पिशवीला साठ सेंटिमीटर कापड लागते, तर आठ पिशव्यांना किती? अपेक्षाने चार मीटर ऐंशी सेंटिमीटर असे उत्तर काढले. हिंमतरावांनी मशीन थांबवली आणि पाच मीटर लिहायला सांगितले, कारण नेमक्या मापाचे कापड घेणारा शिंपी हमखास फसतो. दुसऱ्या दिवशी तीस मीटर लांब आणि वीस मीटर रुंद शेताला तारेचा एक वेढा घालायचा होता. शंभर मीटर हे उत्तर त्यांनी एकशे दोन करवून घेतले. तारेला गाठ मारावी लागते, ती काय हवेत मारणार? त्यानंतर अठ्ठेचाळीस लाडू आठ मुलांत सारखे वाटायचे आले. या वेळी पडद्यापलीकडून वेणूबाईंनी भाग घेतला. प्रत्येकाला पाच लाडू द्यावेत आणि उरलेले आठ डब्यात झाकून ठेवावेत, असे त्यांनी सुचवले. सगळेच्या सगळे लाडू वाटून डबा रिकामा करणारे घर त्यांनी आजवर पाहिले नव्हते.

अपेक्षाने विश्वासाने सारे लिहिले. आईबाप सांगतात ते खोटे असेल अशी शंका त्या वयाला येत नाही.

आणि मग एका दुपारी ती शाळेतून आली ती दप्तर न काढताच पडद्यामागे गेली. लाडवांचे उत्तर वर्गात मोठ्याने वाचले गेले होते आणि सगळी मुले हसली होती. एकाने तर मधल्या सुट्टीत तिच्याकडे डबा नेऊन, पाहुण्यांसाठी काही उरले आहे का, असे विचारले होते. तिच्या गणिताच्या बाई तेजस्विनी यांनी वडिलांना शाळेत बोलावले होते.

हिंमतराव दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत गेले. पायऱ्या चढून वर्गाच्या दारात उभे राहिल्यावर त्यांच्या ध्यानात आले की मापाची टेप गळ्यातच राहिली आहे. ती काढून त्यांनी घाईने खिशात कोंबली, तरी तिचे टोक बाहेर लोंबतच राहिले.

तेजस्विनीबाईंनी त्यांना आदराने बसायला सांगितले. त्यांनी वही उघडून एकेक उत्तर पुढे केले. त्या रागावलेल्या दिसत नव्हत्या, उलट एखादे कोडे पडल्यासारखा त्यांचा चेहरा होता.

"मला आधी वाटलं तिला गुणाकार येत नाही," त्या म्हणाल्या. "पण गुणाकार येतो. पद्धत बरोबर असते आणि शेवटच्या ओळीत काहीतरी जास्त होतं. हिंमतराव, अपेक्षाच्या गणितात कायम एक माणूस जास्त जेवायला असतो. तो कोण आहे?"

हिंमतरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्यांनी खाली पाहत सगळे सांगून टाकले. शिलाईचे, तारेच्या गाठीचे आणि लाडवांचेही. बाई हसतील असे त्यांना वाटले होते. बाई हसल्या, पण नंतर त्यांनी जे सांगितले ते गंभीर होते. जादा वर्गात मुले फार झाली होती. शनिवारी चाचणी होती आणि तिच्यावरून कोणाला ठेवायचे, कोणाला नाही, हे ठरणार होते. उत्तरे अशीच आली तर अपेक्षाला जादा वर्गातून कमी करण्यावाचून त्यांच्यापुढे मार्ग नव्हता.

हिंमतराव म्हणाले की, आजपासून तिच्या अभ्यासात आपण पडणारच नाही.

"तसं नको," बाई म्हणाल्या. "आपण जवळ बसता हे तिचं भाग्य आहे. फक्त उत्तर सांगू नका. प्रश्नात काय विचारलंय, एवढं तिला विचारा. मग ती सांगेल ते ऐका."

"एवढंच?"

"करून बघा. सोपं नाही ते."

हिंमतरावांना वाटले, शर्टाची कॉलर बसवणाऱ्या माणसाला ऐकण्यात काय अवघड आहे?

त्या संध्याकाळी पाट रिकामा होता. अपेक्षा बाहेरच्या पायरीवर, घराकडे पाठ करून, गुडघ्यांवर वही घेऊन बसली होती. थंडीने तिने फ्रॉकच्या बाह्यांत हात ओढून घेतले होते. हिंमतरावांनी तिला आत बोलावले, तर ती म्हणाली, "बाबा, मी करते माझं. तुम्ही प्लीज सांगू नका." बोलणे उद्धट नव्हते, पण वहीवर तिने कोपर आडवे धरले होते. ते कोपर हिंमतरावांना लागले. त्या संध्याकाळी एका पोपटाच्या पंखाची शिवण नागमोडी गेली आणि ती त्यांना उसवावी लागली.

वेणूबाईंनी जाऊन लेकीच्या खांद्यावर शाल टाकली. आपलेच चुकले, लाडू सगळे वाटायचे होते, असे त्यांनी कबूल केले आणि तिला हाताला धरून आत आणले. अपेक्षा पाटावर बसली खरी, पण अंग चोरून.

हिंमतरावांनी बाईंचा मंत्र म्हटला. "काय विचारलं हाये?"

अपेक्षा वाचू लागली. एका बसमध्ये चाळीस माणसे बसतात, तर एकशे वीस माणसांना किती बस लागतील? तिचे वाक्य पुरते संपलेही नव्हते आणि हिंमतरावांच्या तोंडून निघून गेले, "तीन. पन एखादी बिघडली तर—"

अपेक्षाने वही मिटली.

बाईंचे म्हणणे खरे होते. सोपे नव्हते ते. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. जीभ म्हणजे काही मशीन नव्हे की पाय उचलला आणि थांबली. वेणूबाईंनी टोमणा मारला की, गिऱ्हाइकाला कपडा कधी मिळेल हे विचारले तर महिनाभर तोंडातून शब्द फुटत नाही, आणि इथे मात्र आगगाडी सुटते.

मार्ग सापडला तो योगायोगाने. हिंमतराव एका झग्याला पंख टाचीत होते. ओठांत टाचण्यांची रांग होती, एका हाताखाली सॅटिन, दुसऱ्या हातात पंख. तेवढ्यात अपेक्षा गणित वाचू लागली. बागेत बारा रांगा, प्रत्येक रांगेत पंधरा रोपे, त्यातली वीस वाळली, तर किती उरली?

"पंधरा बारे एकशे सत्तर," ती पुटपुटली.

हिंमतरावांच्या पोटातून दुरुस्ती उसळून वर आली आणि टाचण्यांशी अडली. बाहेर आला तो नुसता "उं" असा हुंकार. एक टाचणी खालच्या ओठाला टोचली, डोळ्यांत पाणी आले. त्यांनी भुवया उंचावल्या आणि मानेनेच विचारले की, कसे?

अपेक्षाने त्यांच्याकडे पाहिले. मग बाबा बोलत नाहीत हे लक्षात येऊन ती जरा सैलावली. पडद्यापलीकडून काज करता करता वेणूबाई म्हणाल्या, "मले समजलं नाई बाई. पुन्हा सांग."

"अगं आई, सोपं आहे. पंधरा दाहे दीडशे. पंधरा दुणे तीस. दीडशे आणि तीस..." तिचे बोट हवेत थांबले. "एकशे ऐंशी. थांब, माझंच चुकलं." तिने खोडरबर घेतले. "म्हणून उरली एकशे साठ."

तिने हे कोणाला विचारून लिहिले नाही. लिहून झाल्यावर मान वर करून बापाकडे पाहिले आणि हिंमतरावांनी टाचण्यांच्या रांगेसकट मान हलवली.

त्या दिवसापासून संध्याकाळी दिवा लागला की हिंमतराव ओठांत टाचण्या घेऊ लागले. टोचायला कापड असो वा नसो. एकदा मशीन बंद, टेबल मोकळे आणि तरीही यांचे तोंड टाचण्यांनी भरलेले पाहून वेणूबाईंनी विचारले, "अवो, काम नाई न धाम नाई, टाचण्या कायले धरल्या?" हिंमतरावांनी डोळ्यांनीच पाटाकडे खूण केली. वेणूबाई समजल्या आणि पदर तोंडाशी धरून आत गेल्या. तिथून त्यांच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

त्यांनी स्वतःची रीतही सोडली नाही. दर गणिताला "मले समजलं नाई, पुन्हा सांग" हे ठरलेलेच. त्यांना खरोखर समजत नव्हते की त्या मुद्दाम विचारीत, हे हिंमतरावांना अखेरपर्यंत कळले नाही. पण पुन्हा सांगताना अपेक्षाचा आवाज चढे, हात चालू लागत, ती पाटावरून उठून खडूने कापणीच्या टेबलावर रांगा आखी. कधी चुके, कधी स्वतःच थबके. हिंमतरावांचा खालचा ओठ मात्र सुजला होता आणि चहा पिताना चुरचुरत असे.

शनिवार जवळ आला आणि इकडे एक नवेच संकट उभे राहिले.

शेवटचे चार झगे कापायचे राहिले होते. हिंमतरावांनी उरलेले सॅटिन टेबलावर पसरले, टेप लावली, पुन्हा लावली आणि ते मटकन स्टुलावर बसले. कापड साडेचार मीटरच उरले होते. त्यांच्या मापाने एका झग्याला सव्वा मीटर लागे, म्हणजे चौघांना पाच मीटर हवे होते. कापड शाळेने आणून दिले होते, तेजस्विनीबाईंनी स्वतः मोजून. आता कमी पडले म्हणावे तर त्याचा अर्थ जगभर एकच होतो, की शिंप्याने कापड खाल्ले. पुण्यात आल्यापासून एवढा एकच आळ त्यांनी आपल्या दुकानाच्या उंबऱ्याबाहेर ठेवला होता. आणि सांगायचे कोणाला, तर ज्यांच्या हाती लेकीचा वर्ग त्याच बाईंना. वेणूबाई म्हणाल्या की, आपण बाजारातून आणून भरून काढू. पण तोच हिरवा रंग मिळेल कशाला? चार पोपट वेगळेच दिसले असते.

अपेक्षा पाटावर बसून हे ऐकत होती. ती उठली आणि बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, प्रश्नात काय विचारलंय?"

हिंमतरावांना आधी वाटले, पोरगी चेष्टा करते. पण तिच्या हातात खडू होता.

"चार झगे," ते म्हणाले.

"सव्वा मीटर सगळं झग्याला लागतं?"

"त्यातले पंधरा सेंटिमीटर खालच्या घेराची माया. पुढून न मागून मिळून."

"ती कशाला?"

"लेकरं वाढतात तर झगा सोडता येते खाली."

"बाबा, पोपट एक संध्याकाळ नाचणार. एका संध्याकाळीत ती मुलं किती वाढणार?"

हिंमतरावांनी टाचण्यांची डबी पुढे ओढली आणि दोन टाचण्या ओठांत धरल्या.

अपेक्षाने टेबलाच्या कडेला खडूने मांडले. एकशे पंचवीसातून पंधरा गेले, एकशे दहा. एकशे दहा चोक चारशे चाळीस. तिच्याजवळ होते चारशे पन्नास. "पुरतं. दहा सेंटिमीटर उरतं," ती म्हणाली आणि मग जरा विचार करून तिने आईकडे पाहिले. "ते दहा पाहुण्यांना."

वेणूबाईंनी तिला जवळ ओढून तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

हिंमतरावांनी कातर उचलली. आयुष्यात प्रथमच ते नुसती बारीक पट्टी मुडपून, नेमक्या मापाचा कपडा कापणार होते. हात आपसूक खडूच्या रेघेबाहेर दोन बोटे सरकला. त्यांनी तो मागे घेतला. पुन्हा सरकला, पुन्हा मागे घेतला. मग श्वास रोखून त्यांनी रेघेवरच कातर चालवली. सॅटिन कुरकुरत दुभंगले. चारही झगे निघाले आणि टेबलावर हिरवी चिंधोटी तेवढी उरली. तिची वेणूबाईंनी लेकीसाठी फीत करून दिली.

शनिवारी सकाळी अपेक्षा ती फीत बांधून चाचणीला गेली. हिंमतरावांनी दिवसभर मशीन चालवली, पण किती शिवले ते त्यांना सांगता आले नसते. दुपारी ती परत आली तेव्हा त्यांनी काही विचारले नाही. गणित सोडवून झाले की निकाल बाईंचा, एवढे ती म्हणाली आणि जेवायला बसली.

निकाल कळला तो झगे पोचवायला गेल्यावर. शाळेच्या पटांगणात मांडव उभा राहिला होता आणि लहान मुले पंख नसतानाच पोपट होऊन धावत होती. तेजस्विनीबाईंनी गठ्ठा उघडून झगे मोजले, एकाची शिवण उलटून पाहिली आणि समाधानाने पुन्हा घडी घातली. हिंमतराव टेप खिशात आहे ना, हे चाचपीत उभे होते.

"चाचणीत तिची दोन गणितं चुकली," बाई म्हणाल्या. हिंमतरावांनी खिशातली टेप मुठीत धरली. "घाईने चुकली. हातचा घ्यायला विसरली. सगळ्यांचं होतं. पण या वेळी जेवायला कोणी जास्तीचं आलं नाही. ती वर्गात राहील."

त्या दोन चुका हिंमतरावांना एकाएकी फार आवडल्या. त्यात त्यांचे काही नव्हते, वेणूबाईंचे नव्हते. त्या पोरीने आपल्या स्वतःच्या केल्या होत्या. त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला आणि घरी येताना पेढे घेतले. वेणूबाईंनी त्यातले तिघांपुरते काढले आणि बाकीचे डब्यात झाकून ठेवले. त्याला कोणी हरकत घेतली नाही.

संमेलन पार पडले. पोपट नाचले, एकाचा पंख गळाला, पण त्याने तो हातात धरून नाच पुरा केला.

पुढच्या सोमवारी अपेक्षा शाळेला निघाली तेव्हा वेणूबाईंच्या नजरेस आले की तिचा निळा स्कर्ट गुडघ्यांच्या वर चढला आहे. थंडीच्या दिवसांत पोरगी केव्हा वाढली, कोणाच्या लक्षात आले नव्हते. संध्याकाळी हिंमतरावांनी ती खालची दुमड उसवली. दोन बोटे माया होती, त्यातले एक बोट खाली उतरवले. आतले कापड उन्हापाण्यापासून लपून राहिलेले, म्हणून नव्यासारखे गडद निळे दिसत होते. त्यांनी स्कर्ट लेकीच्या कमरेला लावून पाहिला आणि घेर पुन्हा टाचायला ओठांत टाचण्या घेतल्या.

अपेक्षाने खाली वाकून ती गडद पट्टी पाहिली.

"बाबा, आत अजून किती आहे?"

हिंमतरावांना ठाऊक होते. त्यांनी टाचण्यांसकट भुवया उंचावल्या. तिने त्यांच्या गळ्यातली टेप ओढून घेतली, दुमडीत बोट घालून ती लावली आणि उजेडाकडे धरून वाचू लागली.